विषय ठरेपर्यंत : इंग्रजी भाषा-प्रकल्पाच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

तिसऱ्या वर्षाला इंग्रजी स्पेशल घेतलेल्या सगळ्यांना यंदा भाषा-प्रकल्प आहे. साहित्यावरचा नाही, भाषेवरचा. कादंबरीतली नायिका, कवितेतला निसर्ग हे सगळं बाजूला ठेवायचं. प्रत्यक्ष वापरात असलेल्या इंग्रजीचे नमुने जमवायचे, त्यांना एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर पाच हजार शब्दांत मांडायचं. सिनॉप्सिस, म्हणजे प्रकल्पाचा थोडक्यात आराखडा, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात द्यायची आहे. विषय कसकसा बदलत गेला याच्या तारीखवार नोंदी ठेवा, त्या शेवटी अहवालाला जोडायच्या आहेत, असं मॅडमनी सांगितलं आहे. म्हणून ही वही.

ब्रिटनमध्ये एक्यूए या परीक्षा मंडळाच्या ए-लेव्हल परीक्षेला असाच प्रकल्प असतो, असं मॅडम म्हणाल्या. सतरा-अठरा वर्षांची मुलं तो करतात, विषय स्वतः निवडतात आणि सगळं २००० शब्दांत बसवतात. गोळा केलेले नमुने त्यात धरत नाहीत. "दोन हजारांत काय मावेल याचा आधी विचार करा, म्हणजे पाच हजारांत ते नीट बसेल."

वर्गात भराभर विषय आले. सोशल मीडियाची भाषा, जाहिरातींची भाषा, क्रिकेटचं समालोचन, बायका आणि पुरुष यांच्या बोलण्यातला फरक. मी लिहून दिलं, 'पुण्यातलं इंग्रजी'. चिठ्ठी परत आली तेव्हा खाली पेन्सिलीने तीन शब्द होते : कोणाचं? कुठलं? किती?

१० जुलै, गुरुवार

ग्रंथालयात बसून विल्यम लॅबोव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाचा न्यूयॉर्कमधल्या दुकानांचा अभ्यास नीट वाचला. वर्गात तो एका वाक्यात आटोपला होता. पूर्ण वाचल्यावर विषय निवडणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा दिसलं.

साल १९६२. शहरात मोठी तीन दुकानं : सॅक्स हे महागडं, मेसीज मधल्या दर्जाचं, क्लाइन स्वस्तातलं. लॅबोव्ह आत जायचा आणि चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या एखाद्या वस्तूची चौकशी करायचा. दुकानातला माणूस सांगायचा, 'फोर्थ फ्लोअर'. मग ऐकू न आल्यासारखं करून तो पुन्हा विचारायचा. दुसऱ्या वेळी तेच दोन शब्द जरा सावकाश, स्पष्ट यायचे. बाहेर येऊन तो टिपून ठेवायचा, 'र' उच्चारला की गिळला. असे २६४ जण. सॅक्समध्ये 'र' सर्वांत जास्त, क्लाइनमध्ये सर्वांत कमी आणि मेसीज त्या दोन्हींच्या मधोमध.

बुद्धी लागली आहे ती प्रश्न लहान करण्यात. न्यूयॉर्कमधला वर्गभेद आणि भाषा हा केवढा मोठा विषय! तो त्याने दोन शब्दांवर आणला. ते दोन शब्द समोरच्याच्या तोंडून हमखास येतील अशी चौकशी शोधून काढली. आणि निकाल उलटाही येऊ शकला असता. तिन्ही दुकानांत 'र' सारखाच निघाला असता, तर त्यालाही अर्थ होता.

मुलाखत घेतोय, रेकॉर्ड करतोय हे कळलं की माणूस सावध बोलतो. आपल्याला तर हवं असतं कोणी पाहत नसतानाचं बोलणं. याला लॅबोव्हनेच निरीक्षकाचा विरोधाभास म्हटलं. त्याने तो चतुराईने टाळला. पण न सांगता लोकांचं बोलणं टिपायला आमच्या कॉलेजात आज परवानगी नाही, आणि ती नाही हे मला पटतं.

वहीच्या पहिल्या पानावर दोन कसोट्या लिहून ठेवल्या. नमुना माझ्या हाताशी आहे का? आणि उत्तर 'नाही' असं येण्याची खरी शक्यता आहे का?

१३ जुलै, रविवार

दुकानांच्या पाट्या पाहायला बाहेर पडले. गुडलक चौकातून फर्ग्युसन रस्ता, मग जंगली महाराज रस्त्याने परत. सार्वजनिक जागेतल्या भाषेच्या अभ्यासाला 'लिंग्विस्टिक लँडस्केप' म्हणतात. लँड्री आणि बूऱ्ही यांच्या १९९७ च्या लेखापासून तो नावारूपाला आला. रस्त्यांची नावं, जाहिरातींचे फलक, दुकानांच्या पाट्या, सरकारी सूचना हे सगळं त्यात येतं. नमुने फुकट, उघड्यावर, परवानगीचा प्रश्न नाही. म्हणून वर्गातल्या निम्म्यांचा डोळा यावर आहे.

दोन अडचणी दिसल्या. पहिली कायद्याची. मराठी पाटीची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने लहान दुकानांनाही लागू झाली आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नसावीत असंही ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. म्हणजे आज जी पाटी दिसते ती दुकानदाराची निवड आहे की कायद्याचं पालन, हे नुसत्या फोटोवरून कळत नाही. कायद्यावर कोणाला लिहायचं असेल तर हा विषय सोन्यासारखा आहे. मला निवडीवर लिहायचं आहे.

दुसरी अडचण व्याकरणाची. पाटीवर असतात नामं. कॅफे, स्टुडिओ, क्लोदिंग, बेकर्स. क्रियापद शोधूनही सापडत नाही. वाक्यच नसेल तर वाक्यरचनेबद्दल काय बोलणार? माझ्या फोनमध्ये आज पाट्यांचे भरपूर फोटो आहेत आणि त्यांना विचारण्याजोगा प्रश्न माझ्याकडे नाही.

घरी येताना मेट्रोने आले. गरवारे कॉलेजच्या स्थानकात मराठी, हिंदी, इंग्रजी अशी उद्घोषणा ऐकताना वाटलं की तिन्हींची तुलना करावी. पण ती ठरावीक वाक्यं पुन्हा पुन्हा वाजतात; नमुना एका पानात संपेल.

१८ जुलै, शुक्रवार

मॅडमशी पाऊण तास बोलणं झालं. भारतीय इंग्रजीवर करते म्हटलं. 'प्रीपोन', 'डू द नीडफुल', 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' वगैरे. भाषाशास्त्रज्ञ ब्रज काचरूंनी या इंग्रजीकडे चुकांची यादी म्हणून न पाहता स्वतःचे नियम असलेली भाषा म्हणून पाहायला शिकवलं, हे वाचल्यापासून तो विषय मनात होता.

मॅडम म्हणाल्या, "यादी करशील. यादी म्हणजे अभ्यास नाही. आणि हे शब्द कुठून आणशील? आठवणीतून. आठवण हा नमुना नाही."

मग त्यांनी कोल्हापूर कॉर्पसबद्दल सांगितलं आणि मी थक्कच झाले. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह तयार झाला. ५०० उतारे, प्रत्येक साधारण २००० शब्दांचा, सगळे १९७८ मध्ये छापलेल्या मजकुरातून घेतलेले. अमेरिकन इंग्रजीसाठी ब्राउन कॉर्पस आणि ब्रिटिशसाठी एलओबी कॉर्पस ज्या धर्तीवर बांधले, त्याच धर्तीवर हा. म्हणजे तिन्ही एकमेकांशेजारी ठेवून मोजता यावेत. संगणकावर दहा लाख शब्द चढवणं म्हणजे काय काम असेल त्या काळात! आणि हे आपल्या कोल्हापुरात झालं. इंग्रजी स्पेशलच्या तीन वर्षांत आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. निदान पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला तरी सांगावं असं मला मनापासून वाटतं.

पण त्यातही पाहून पाऊल टाकावं लागतं. ब्राउन आणि एलओबी १९६१ च्या मजकुराचे, कोल्हापूरचा १९७८ चा. मध्ये सतरा वर्षं. फरक सापडला तर तो देशाचा की काळाचा? शिवाय तिन्हींत फक्त छापील भाषा. बोललेलं इंग्रजी हवं असेल तर आयसीई-इंडिया हा दुसरा संग्रह पाहावा लागेल, त्यातही शास्त्रींचा हात आहे. तिथे ५०० पैकी ३०० उतारे बोललेल्या इंग्रजीचे, आणि लेखी भागात पत्रंसुद्धा आहेत.

मॅडमचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते : "तू विषय शोधते आहेस. विषय शोधू नकोस, ढीग शोध. कागदांचा असा ढीग, जो तुझ्याकडे आहे आणि दुसऱ्या कोणाकडे नाही."

२२ जुलै, मंगळवार

माझी मैत्रीण हॉस्टेलच्या मेसमधली संभाषणं रेकॉर्ड करून मुलं मुलींचं बोलणं जास्त तोडतात का ते पाहणार आहे. झिमरमन आणि वेस्ट यांचा १९७५ चा अभ्यास तिने आधाराला घेतला. त्यात स्त्री-पुरुषांच्या संमिश्र संभाषणांत बोलणं तोडण्याचे ४८ प्रसंग सापडले आणि त्यातले ४६ पुरुषांचे. आकडा असा की कोणीही भारावून जावं. पण संमिश्र संभाषणं अकराच होती. त्यात एखादा फारच बडबड्या पुरुष असेल तर तेवढ्याने पारडं झुकतं. तिला म्हटलं, तुझ्या मेसमध्ये असा एक मुलगा आहे हे आपल्या दोघींनाही माहीत आहे. ती म्हणाली, म्हणूनच तो ज्या टेबलावर नसेल ती टेबलंही घेणार. हुशार आहे.

मला रेकॉर्डिंग जमणार नाही. एका तासाचं बोलणं नीट उतरवून काढायला कित्येक तास लागतात, आणि आमच्या मित्रमंडळींच्या बोलण्यात मराठी, हिंदी, इंग्रजी इतकं मिसळलेलं असतं की आधी कशाला इंग्रजी म्हणायचं हेच ठरवत बसावं लागेल.

२७ जुलै, रविवार

ढीग सापडला.

मामा कोथरूडमधल्या दोन सोसायट्यांचं मॅनेजरचं काम पाहतो. मी त्याच्याकडेच राहते, त्यामुळे जेवणाच्या टेबलाच्या कडेला त्याच्या फायली रोज बघते आणि ताट ठेवायला बाजूला सरकवते. आज पावसाने तो घरीच होता आणि एक जुनी फाइल लावत बसला होता. नोटीस बोर्डावर लावून झालेल्या सगळ्या नोटिसा पंच करून ठेवायची त्याची पद्धत आहे. २०१४ पासूनच्या. बहुतेक इंग्रजीत. कोपऱ्यांवर टाचण्यांची भोकं, काहींवर सेलोटेप पिवळी पडलेली.

दोन कागद शेजारी आले आणि मी फाइल त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली.

पहिला लेटरहेडवर : 'रेसिडेन्ट्स आर काइंडली रिक्वेस्टेड टू रिफ्रेन फ्रॉम टेकिंग हेवी फर्निचर इन द मेन लिफ्ट, ॲज इट डॅमेजेस द डोअर सेन्सर्स. युअर को-ऑपरेशन इज सॉलिसिटेड.'

दुसरा साधा ए-फोर, लॅमिनेट केलेला, लिफ्टच्या दाराशेजारी लावलेला होता : 'मेड्स, ड्रायव्हर्स अँड डिलिव्हरी बॉइज आर नॉट अलाउड इन द मेन लिफ्ट. यूज सर्व्हिस लिफ्ट ओन्ली.'

लिफ्ट एकच. कमिटी एकच. टाइप करणारा माणूसही एकच, माझा मामा. बदललं आहे ते फक्त एवढंच, की सूचना कोणासाठी आहे. आणि पुण्याला तर पाट्यांच्या भाषेचं केवढं कौतुक! पेठांमधल्या मराठी पाट्यांचा फटकळपणा आपण आवडीने सांगतो. त्या निदान सगळ्यांना सारख्याच फटकळ असतात.

मामा म्हणाला, "अगं, यात काय बघण्यासारखं? सेक्रेटरी व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकतात, मी त्या इंग्रजीत नीट करतो." मग त्याने दाखवलं, जुनी नोटीस उघडायची, तारीख बदलायची, सेव्ह ॲज करायचं. टाकी धुण्याची नोटीस २०१६ पासून शब्दाचाही फरक न होता चालली आहे.

हे फार महत्त्वाचं आहे. एकाच मसुद्याच्या दहा प्रती मी दहा नमुने म्हणून मोजल्या, तर त्यातला 'काइंडली' दहा वेळा मोजला जाईल आणि नोटिसा फारच नम्र आहेत असा निष्कर्ष निघेल. मसुदा मोजायचा, प्रत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

आठवडाभर ब्राउन आणि लेव्हिन्सन वाचते आहे. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांची सभ्यतेची मांडणी १९७८ मध्ये आली आणि १९८७ मध्ये स्वतंत्र पुस्तकाच्या रूपात. थोडक्यात अशी : दुसऱ्याला काही करायला सांगणं किंवा करू नको म्हणणं म्हणजे त्याच्या मोकळेपणावर घाला. तो घाला किती मऊ करायचा हे तीन गोष्टींवर ठरतं. दोघांमधलं अंतर, दोघांमधली सत्ता आणि मागणीचं वजन.

माझ्या दोन कागदांत अंतर आणि सत्ता दोन्ही बदलतात. मागणीचं वजनही बदलतं. फर्निचर वर्षातून एकदा न्यायचं. मुख्य लिफ्ट मात्र रोज सोडायची. म्हणजे ज्यांच्यावर जास्त भार टाकला त्यांना कमी मऊ शब्द. हा नुसत्या रागाने म्हणायचा मुद्दा नाही, मोजून दाखवायचा आहे, म्हणून इथे थांबते.

आज एक सोपी वाट पारखून पाहिली आणि ती बंद निघाली. पाठ्यपुस्तकांत म्हणतात की कर्मणी रचना वाक्य सौम्य करते, कारण सांगणारा दिसत नाही. मग रहिवाशांच्या नोटिसांत कर्मणी जास्त आणि कामगारांच्या कमी, असं निघायला हवं. फाइल चाळली तर दोन्हीकडे कर्मणीच! 'आर रिक्वेस्टेड' हीही कर्मणी, 'आर नॉट अलाउड' हीही कर्मणी. दोन्हींत कमिटी अदृश्य. या दोन्ही वाक्यांत सूचना ज्याला आहे तो तिसऱ्या पुरुषात, तुम्ही असं नाही. कर्मणी मोजत बसले असते तर दोन्ही रकाने सारखेच भरले असते आणि फरक नाही असं लिहून मोकळी झाले असते.

फरक आहे तो क्रियापदाच्या जातीत. एकात विनंती, म्हणजे नकार देण्याचा हक्क समोरच्याकडे आहे असं निदान दाखवलं जातं. दुसऱ्यात परवानगी; म्हणजे हक्क देणाऱ्याच्या खिशात. आणि कारण. सेन्सर बिघडतो म्हणून फर्निचर नको. मेन लिफ्ट का नको? कारण नाही. ब्राउन-लेव्हिन्सनमध्ये कारण देणं ही आपुलकीच्या सभ्यतेची एक रीत म्हणून नोंदलेली आहे : कारण सांगितलं की समोरच्याला विचार करणारा माणूस म्हणून धरलं जातं.

मला हे वाचताना अंगावर काटा आला, ते इथे लिहून ठेवते.

६ ऑगस्ट, बुधवार

परवानगीचं काम. मामाच्या ओळखीवर फाइल उचलून आणणं बरोबर नाही, त्याची नोकरी आहे. दोन्ही सोसायट्यांच्या सेक्रेटरींना पत्र दिलं : सोसायटीचं नाव, पत्ता, कोणा सभासदाचं नाव किंवा फ्लॅट नंबर अहवालात येणार नाही, फोटो न लावता मजकूर टाइप करून देईन, नको असेल ती नोटीस काढून टाकाल. एका काकांनी लगेच सही केली. दुसऱ्या ठिकाणी कमिटीत बोलून सांगतो म्हणाले.

थकबाकीदारांच्या याद्या मी स्वतःच बाहेर काढल्या. बोर्डावर लागल्या होत्या हे खरं, पण म्हणून त्या माझ्या अभ्यासात याव्यात असं नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सूचना घ्याव्यात का, असा मोह झाला होता. तिथे सेक्रेटरी कामगारांबद्दल काय लिहितात ते आणखी उघड असेल. पण ग्रुपमध्ये शंभरेक माणसं, प्रत्येकाची संमती कोण घेणार? बोर्डावरचं तेवढंच घ्यायचं.

९ ऑगस्ट, शनिवार, राखीपौर्णिमा

आज घरात नारळीभात. कामाला येणाऱ्या मावशींना लिफ्टच्या नोटिशीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "मला कुठं वाचता येतं ते? वॉचमननी पहिल्या दिवशी सांगितलं, ह्या लिफ्टनी जायचं नाही. तेव्हापासनं त्या लिफ्टनी जाते."

मी भांडी पुसत होते ती तशीच हातात राहिली. ज्यांच्याबद्दल नोटीस आहे त्यांना ती वाचताच येत नाही. मग ती कोणासाठी लिहिली आहे? वॉचमनसाठी? की रहिवाशांसाठी, म्हणजे त्यांना कळावं की कमिटीने बंदोबस्त केला आहे? तसं असेल तर 'मेड्स आर नॉट अलाउड' हे मावशींना उद्देशून नाहीच. त्यांच्याविषयी, त्यांच्या डोक्यावरून, तिसऱ्याशी केलेलं बोलणं आहे. मग सभ्यतेचा सगळा हिशेब बदलतो. ज्याच्याशी बोलतच नाही त्याच्याशी मऊ कशाला बोलायचं?

पण लगेच दुसरी बाजू दिसली. त्याच नोटिशीच्या शेवटी 'यूज सर्व्हिस लिफ्ट ओन्ली' असं सरळ आज्ञार्थी आहे, आणि आज्ञार्थ समोरच्यालाच असतो. डिलिव्हरीवाल्या मुलांना इंग्रजी वाचता येतं, बऱ्याच ड्रायव्हरनाही येतं. एकाच कागदावर दोन वाचक धरलेले आहेत. एक वाक्य त्यांच्याबद्दल, एक त्यांना. हे मी वेगळं मोजू शकते : प्रत्येक वाक्य कोणाबद्दल आहे आणि कोणाला उद्देशून आहे, दोन स्वतंत्र रकाने.

मावशींचं वाक्य अहवालात वापरू का, असं त्यांना विचारलं. "वापर की, पण नाव नको," म्हणाल्या. संमती वहीत लिहून घेतली आणि वाचून दाखवली.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मॅडमना फाइलमधले टाइप केलेले नमुने दाखवले. त्यांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा वाचले. मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे तोडायला बसल्या.

"रहिवाशांना पाण्याबद्दल सांगताय, कामगारांना लिफ्टबद्दल. पाणी बंद असताना कोणीही माफीच मागणार. फरक माणसांमुळे पडला की विषयामुळे?" हा प्रश्न मला अपेक्षित होता, तरी ऐकताना पोटात गोळा आला. उत्तर असं ठरलं की दोन्ही गटांसाठी नोटिसा निघाल्या आहेत तेवढेच विषय घ्यायचे. लिफ्ट, पार्किंग, गेटवरच्या वेळा, जिन्यातली स्वच्छता. पाण्याच्या नोटिसा पूर्ण बाद. जिवावर आलं, कारण 'इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड' त्यांतच सर्वांत जास्त आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिसाही बाद. ती सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, चौदा पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि विषयपत्रिकेचा साचा उपविधींवरून येतो. तिथली भाषा कमिटीची नाही, सहकार कायद्याच्या वळणाची आहे.

आणि पार्किंग! हा माझ्या अंदाजाच्या आड येणारा गठ्ठा आहे, म्हणून तो राहिलाच पाहिजे. रहिवाशांनाच उद्देशून 'व्हेइकल्स पार्क्ड रॉंगली विल बी क्लॅम्प्ड विदाउट एनी फर्दर इंटिमेशन' अशी वाक्यं त्यात आहेत. विनंती नाही, कारण नाही, उलट धमकी. तिथे कर्ता माणूस नाही, गाडी आहे, हे खरं. रहिवाशाला दटावायचं तर त्याच्या गाडीला दटावतात, आणि कामगाराला मात्र माणूस म्हणून नावानिशी गट सांगून अडवतात? की पार्किंगमध्ये कमिटी सगळ्यांशीच अशी बोलते? मोजल्यावरच कळेल. उत्तर 'नाही, फरक नाही' असं येण्याची खरी शक्यता इथे आहे. पहिल्या पानावरच्या दोन्ही कसोट्यांना हा प्रश्न उतरतो.

मॅडमना एकच काळजी वाटते : मी मावशींच्या बाजूने लिहायला बसले तर आकडे वाकवीन. म्हणून असं ठरलं की वाक्यांचं वर्गीकरण मैत्रीण वेगळं करेल, मी वेगळं करीन, आणि तिला नोटीस कोणासाठी होती ते झाकून द्यायचं. 'मेड्स', 'रेसिडेन्ट्स' हे शब्द काळे करून. तिला त्या बदल्यात मेसमधलं एक टेबल उतरवून द्यायचं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सिनॉप्सिस दिली. शीर्षक सरळच ठेवलं : 'एकाच कमिटीच्या दोन सुरांतल्या सूचना : पुण्यातल्या दोन गृहनिर्माण सोसायट्यांच्या इंग्रजी नोटिसांमधल्या विनंत्या आणि मनाई'. दुसऱ्या सोसायटीचंही हो आलं, दोन नोटिसा वगळण्याच्या अटीवर. त्या कोणत्या ते लिहीत नाही.

प्रश्न असा मांडला आहे : विषय आणि लिहिणारा तोच असताना, वाचणारा रहिवासी आहे की कामगार यावर क्रियापदाची निवड, कारण देणं आणि परिणामाची धमकी देणं बदलतं का? प्रत्येक वाक्यासाठी रकाने : कर्ता कोण, क्रियापद विनंतीचं की परवानगीचं की सक्तीचं, 'काइंडली'-'प्लीज'सारखे मऊ शब्द, कारण, धमकी, आणि परवा वाढवलेले 'कोणाबद्दल' व 'कोणाला'.

'प्लीज'वरून आमचं दोघींचं आजच अडलं. 'प्लीज नोट दॅट ड्रायव्हर्स शुड नॉट सिट इन द लॉबी.' हे प्लीज ड्रायव्हरला आहे का? माझ्या मते नाही. 'नोट' करणारा वाचक रहिवासी, ड्रायव्हर पुढच्या उपवाक्यात. ती म्हणते मऊ शब्द आहे, एक गुण द्यायचा. शेवटी नियम असा केला की मऊ शब्द ज्या क्रियापदाला लागून आहे त्याचा कर्ता पाहायचा, आणि गुण त्या कर्त्याच्या खात्यात टाकायचा. या नियमाने लिफ्टच्या सगळ्या नोटिसा पुन्हा पहिल्यापासून तपासाव्या लागणार.

गणपती आठवड्यावर आले. मामाने आज मंडपाच्या नोटिशीचा मसुदा उघडला आहे : आरतीच्या वेळा, वर्गणी, आणि मांडवासाठी कोणाच्या गाड्या कुठे हलवायच्या. ती यंदाची असल्याने नमुन्यात घेता येईल, पण मी काय करते आहे हे मामाला आता माहीत आहे, त्यामुळे तो सावध लिहिणार. यंदाच्या जुलैपर्यंतचेच कागद घ्यायचे, असं सिनॉप्सिसमध्ये हाताने वाढवून मॅडमची सही घेतली.